केळदच्या वाटेसाठी सेकंडहँड फोर बाय फोर: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार रात्र

निखिल (बी-३०४): नमस्कार मंडळी. गाड्यांमधलं कळणारी बरीच माणसं ग्रुपवर आहेत, म्हणून इथेच विचारतो. आई-बाबा आता कायमचे गावी राहायला जाताहेत, वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या अलीकडे. डांबरी सुटली की घरापर्यंत दीड किलोमीटर माती आहे, मध्ये ओढा आणि शेवटी चढ. पावसाळाभर माझी छोटी गाडी ओढ्याच्या अलीकडेच ठेवावी लागते. गेल्या जुलैत आईचा गुडघा सुजला तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला. तशी वेळ तिच्यावर पुन्हा येऊ द्यायची नाही.

बजेट नऊ लाख, सगळं धरून. तीन गाड्या पाहिल्यात: २०१३ ची फॉर्च्युनर, २०१३ ची पजेरो स्पोर्ट आणि २०१६ ची सफारी स्टॉर्म. फॉर्च्युनरवर आधीच्या मालकाने भरपूर खर्च केलाय. दोन इंच उचललेली आहे, पुढे लोखंडी गार्ड, छतावर लाइट बार, स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी). मन तिच्यावरच बसलंय. काय करू?

रोहन (सी-२०२): फॉर्च्युनर घे रे. विकताना पण पैसे येतात. शिवाय सगळं आयतं लावलेलं मिळतंय.

आसिफ (बी-७०३): निखिल, घाई करू नकोस. आधी एक बघ, ती फॉर्च्युनर नक्की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी आहे ना? २००९ ला आपल्याकडे आली तेव्हा फोर बाय फोरच होती, पण २०१२ पासून फोर बाय टू (दोनच चाकांना ताकद) पण यायला लागली. बाहेरून दोन्ही सारख्याच. आत गिअरशेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का, ते बघ.

निखिल (बी-३०४): आहे दादा, दुसरा लिव्हर आहे.

आसिफ (बी-७०३): मग ती कायम चारही चाकांवर चालते. मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) लॉक करता येतो, लो रेंजही (वेग कमी, जोर जास्त) आहे. डांबरीवर, घाटात, पावसात तशीच चालवायची, काही बदलावं लागत नाही. स्टॉर्मचं वेगळं आहे. ती एरवी मागच्या चाकांवर चालते आणि नॉब फिरवला की फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), फोर एल (चारही चाकं, लो रेंज). तिला कोरड्या डांबरीवर फोर एचमध्ये ठेवायचं नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण सुटतो. म्हणून माती सुरू झाली की नॉब फिरवायचा, डांबरी आली की परत. एवढी सवय लावून घेतलीस तर तुझ्या दीड किलोमीटरला ती कुठेही कमी पडणार नाही.

आणि नावाला फसू नकोस. २०२१ नंतरची सफारी ही वेगळी गाडी आहे. ती मोनोकॉक (वेगळी चासी नसलेली) आहे आणि पुढच्या चाकांवर चालते. चासीवाली स्टॉर्म २०१९ पर्यंतच निघाली.

शिर्के काका (ए-१०२): निखिल, दोन्ही २०१३ च्या गाड्यांना टायमिंग बेल्ट आहे. फॉर्च्युनरचा साधारण दीड लाख किलोमीटरला बदलतात. बदलल्याचं बिल माग. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून हिशोब कर. चालू गाडीत बेल्ट तुटला तर इंजिनचं हेड उघडावं लागतं. पजेरो स्पोर्ट दणकट गाडी आहे, माझ्या आवडीची, पण तिचं सर्व्हिस सेंटर शोधत फिरावं लागेल. वेल्ह्यात बंद पडली तर पार्ट कुठून आणशील? स्टॉर्म इथे पिंपरीत बनलेली. तिला हात लावणारा माणूस भोरलाही मिळेल, नसरापूरलाही.

आणि २०१३ च्या गाड्यांचं पासिंग २०२८ ला संपतंय. पुढे रिपासिंग, फिटनेस, पर्यावरण कर. स्टॉर्मला २०३१ पर्यंत बघायला नको.

स्नेहाताई (सी-५०१): निखिल, मी मोटार क्लेमच्या केसेस बघते म्हणून सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे कंपनीने दिलेला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. आणि पुढचं लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या परिपत्रकानेच बेकायदा आहे.

दंड होतो म्हणून नाही सांगत. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरडावा म्हणूनच बनवलेला असतो. त्यावरून एअरबॅगचे सेन्सर ठरवतात कधी उघडायचं ते. गार्ड बसवलं की धक्का सरळ चासीत जातो आणि सेन्सरचा अंदाज चुकतो. समोर पायी माणूस आला तर त्याचं काय होईल ते वेगळंच. त्या गाडीत तुझी आई पुढे बसणार आहे ना? गार्ड असलेली घेतलीस तर पहिल्याच दिवशी काढून टाक.

रोहन (सी-२०२): ताई, मग स्नॉर्कल, लिफ्ट वगैरे काहीच करायचं नाही का? सगळे करतात की.

आसिफ (बी-७०३): रोहन, मी सांगतो काय करावं, कारण बारा वर्षं यात पैसे घातलेत. माझी पहिली गाडी अशीच आयती सजवलेली घेतली होती. ऑगस्टमध्ये ताम्हिणीत रात्री साडेनऊला एकदम दोन्ही हेडलाइट गेले. धो धो पाऊस, डाव्या हाताला दरी, मागे बायको आणि दोन वर्षांची मुलगी. मोबाइलचा टॉर्च काचेवर धरून गाडी कडेला घेतली. सकाळी बॉनेट उघडून पाहिलं तर लाइट बारची वायर हेडलाइटच्या वायरला सोलून जोडलेली. रिले नाही, फ्यूज नाही, नुसती काळी टेप. आतलं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं. बसवणाऱ्याने पैसे पूर्ण घेतले होते. तेव्हापासून दुसऱ्याने फेरफार केलेली गाडी मी घेत नाही. जशी कंपनीतून निघाली तशी घ्यायची आणि त्यावर जे करायचं ते आपण उभं राहून करून घ्यायचं.

आता लिफ्टचं. लोकांना वाटतं गाडी दोन इंच उचलली म्हणजे खालून दोन इंच जागा वाढली. निखिलने पाहिलेल्या तिन्ही गाड्यांना मागे सलग आख, म्हणजे एकच ॲक्सल आहे, आणि मधला डिफरन्शियलचा गोळा त्याच ॲक्सलवर बसतो. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, गोळा तिथेच राहतो. वाटेतला दगड आधी त्यालाच लागतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही व्यासातला फरक निम्माच मिळतो.

स्टॉर्मचा हिशोब करून दाखवतो. तिचा टायर २३५/७० आर १६, व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० आर १६ घातला तर ७७७. फरक ४२, म्हणजे गोळा फक्त २१ मिलिमीटर वर आला. बदल्यात काय? काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ ने धावत असेल, ब्रेकला जास्त मेहनत, पिकअप जड, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर घासायची शक्यता. दोन सेंटिमीटरसाठी एवढं नको. मूळ मापाचाच चांगला ऑल टेरेन (डांबरी आणि माती दोन्हींसाठीचा) टायर घाल. तुझ्या चढावर फरक पडेल तो रबराच्या नक्षीने. मड टेरेन (खास चिखलासाठीचा) नको. पुणे ते वेल्हे सगळा डांबरी रस्ता आहे, कान किटतील, आणि ओल्या डांबरीवर ब्रेक लांब लागतो.

निखिल (बी-३०४): दादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्या लिफ्टचे पैसे मी उगाच मोजतोय.

निखिलची आई (बी-३०४): मी पण वाचतेय सगळं. त्या उंच गाडीत मला चढताच आलं नाही परवा. याने मला मांडी धरून वर ढकललं. शेजारच्या पोरांसमोर बरं वाटलं नाही.

आसिफ (बी-७०३): काकू, मग आमचं सगळं राहू द्या बाजूला. लिफ्ट नकोच. निखिल, मूळ उंचीची गाडी घे, खाली रुंद पायरी आणि आतून खांबाला धरायला मजबूत मूठ बसव. त्या गाडीवर करायच्या खर्चात हा पहिला धर.

शिर्के काका (ए-१०२): आता तपासायचं कसं ते लिहितो. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय पैशाचं बोलायचं नाही. विकणारा रॅम्पला नाही म्हणाला तर तिथूनच घरी यायचं.

खाली गेलास की स्क्रू ड्रायव्हरची मूठ चासीवर ठोकत जा, पुढून मागे. टणटण वाजलं पाहिजे. कुठे भद्द आवाज आला तर तिथे आतून गंज आहे किंवा पुट्टी भरलीय. समुद्राकाठी फिरलेल्या गाड्यांना हे हमखास. नवीन काळा रंग फक्त तळालाच मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघ. वेल्डिंगचे टाके कंपनीचे सरळ असतात, नंतरचे वेडेवाकडे दिसतात.

मग मागच्या डिफरन्शियलचा वरचा बोल्ट, जिथून ऑइल भरतात तो उघडायला लाव. करंगळी आत घालून बाहेर काढ. मधासारखं किंवा काळपट ऑइल असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय.

आसिफ (बी-७०३): काकांचं हे सोन्यासारखं आहे. पाणी का शिरतं तेही सांगतो. तापलेला डिफरन्शियल थंड ओढ्यात बुडतो, आतली हवा आकसते, आणि त्याच्या श्वासनळीतून म्हणजे ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. नळीचं तोंड ॲक्सलजवळच असेल तर संपलंच. त्यावर उपाय म्हणजे रबरी नळी लांबवून तोंड बॉनेटमध्ये उंच बांधायचं. हजारभर रुपयांचं काम. स्नॉर्कलपेक्षा तुझ्या ओढ्यासाठी हे जास्त कामाचं, कारण स्नॉर्कल फक्त इंजिनच्या हवेचं तोंड वर नेतं. बाकी गाडी ओलीच होते.

आणि ओढ्याला पाणी गुडघ्यापर्यंत असेल तरच उतरायचं. आधी काठी घेऊन चालत बघायचं. वाहतं पाणी गढूळ आणि जोरात असेल तर फोर बाय फोरलाही थांबावं लागतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. आत पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्नेहाताई (सी-५०१): कागदांचं मी लिहिते. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा आहे का बघ, बाकी असलेले चलनही. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. ट्रान्सफरला २९ आणि ३०. दिल्लीकडची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला टॅक्स धरूनच भाव कर. चासी नंबर आरसीशी अक्षर अक्षर जुळव. टायर, पायरी, जे काय लावशील ते विमा कंपनीला मेलने कळवून ठेव.

आसिफ (बी-७०३): अजून एक. गावात अडकलं की ट्रॅक्टरला साखळी बांधून हिसका देतात. ते करू देऊ नकोस. मागच्या टो बॉललाही (ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवायचा नाही, तो गोळा तुटला तर गोळीसारखा येतो. चासीला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढून काढायचे हुक), एक चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर, एवढं कायम डिकीत. चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर आधी हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरव, मग फोर एल, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर हलका. डांबरीला आलास की हवा परत भरायची.

सेक्रेटरी (ए-४०४): निखिल, पार्किंगचं लक्षात आहे ना? आपल्या स्टॅक पार्किंगची (मशीनवर एकावर एक गाड्या) आतली उंची १८५ सेंटिमीटर आहे. स्टॉर्म १९२ च्या आसपास भरते. ती आत जाणार नाही. वजनाची पाटीही मशीनवर लावलेली आहे, वाचून घे.

निखिल (बी-३०४): हे डोक्यातच आलं नव्हतं. बघतो काय करता येतं.

रविवार दुपार

निखिल (बी-३०४): आलो जाऊन. शिर्के काका आणि आसिफदादा दोघेही सकाळी सातला आले होते. फॉर्च्युनरवाल्याने रॅम्पला हो म्हटलं. बोल्ट उघडला आणि काकांनी करंगळी बाहेर काढली, तर दुधाचा चहा. आधीच्या मालकाने पाण्यात घालून नंतर ऑइलच बदललेलं नाही. बेल्टचं बिलही नाही. मी पंधरा मिनिटं तिच्या बाजूला नुसता उभा होतो. मन निघत नव्हतं.

मग स्टॉर्म. एकच मालक, कसलाही फेरफार नाही. चासी पुढून मागे टणटण. ऑइल स्वच्छ. फोर एच, फोर एल दोन्ही मैदानात लावून पाहिलं. पुढच्या उजव्या शाफ्टचा रबरी बूट (जॉइंटवरचं कव्हर) फाटलाय, तेवढं भावात कमी करून घेतलं. साडेपाच लाखांत ठरली, टोकन दिलं. टायर, पायरी, ब्रीदर, रिकव्हरीचं सामान आणि ट्रान्सफर धरूनही नऊच्या खूप आत बसतंय.

निखिलची आई (बी-३०४): मला घेऊन गेला होता. पायरी नसतानाही धरून चढले. पायरी लागली की एकटी चढेन.

शिर्के काका (ए-१०२): बूट लगेच बदल. माती आत गेली की जॉइंट जातो. आणि ताबा मिळाला की सगळी ऑइलं एकदम बदलून घे, इंजिन, गिअर, ट्रान्सफर, दोन्ही डिफरन्शियल. तिथून पुढचा हिशोब तुझा.

जोशी आजोबा (ए-००१): निखिल, माझा ७ नंबरचा स्लॉट गेटजवळ उघड्यावर आहे. आमची गाडी तुझ्या स्टॅकमध्ये आरामात बसते. मी आता महिन्यातून दोनदाच काढतो. अदलाबदलीचं पत्र मी सही करून ठेवतो, तू सेक्रेटरींना दे. आईला गाडीपर्यंत चालावंही कमी लागेल.

सेक्रेटरी (ए-४०४): आजोबा, बुधवारच्या कमिटीत घेतो. दोघांची सही लागेल.

निखिल (बी-३०४): आजोबा, संध्याकाळी खाली येतो पत्र घेऊन.