'उखु पाचा'ला पाताळ म्हणावं का?

रानजाई: दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या कल्पनांवर बेतलेली मुलांची गोष्ट मराठीत आणते आहे. एक लहान मुलगी मरते, काळ्या कुत्र्यामागून केसांच्या पुलावरून नदी ओलांडते आणि 'उखु पाचा'त, म्हणजे त्यांच्या भुईखालच्या जगात, पोचते. मी 'पाताळ' लिहिलं. भाचीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "तिनं काय पाप केलं होतं?" काय करू?

जुनापिंपळ: पाताळ म्हणजे नरक नव्हेच! विष्णुपुराणात नारद पाताळ बघून येतो आणि ते स्वर्गाहून रम्य असल्याचं सांगतो. भाचीला हे सांगा, शब्द बदलू नका.

घाटवाट: काका, पुराणात काहीही असो, आज पोरांच्या कानाला पाताळ म्हणजे राक्षसांचं घर. शब्द वापरानं ठरतो. शिवाय इंकांच्या क्वेचुआ भाषेत 'उखु' म्हणजे आतलं, खोल. तिथे पूर्वज असतात, बी रुजतं, झरे उगम पावतात. नरकाचा अर्थ त्याला स्पॅनिश पाद्र्यांनी चिकटवला. आमच्याकडे पेरणीनंतर आजी म्हणायची, "बी भुईच्या पोटात गेलं." 'भुईपोट' करा.

जुनापिंपळ: 'भुईपोट' कुठल्या कोशात आहे?

घाटवाट: कोशात नाही, शेतात आहे.

सांजवेळ: 'पाचा'चं काय? त्यात जागा आणि काळ दोन्ही येतात. आपला 'लोक' निम्माच अर्थ देतो. कुत्रा मात्र आपल्या ओळखीचा आहे, ऋग्वेदात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेतच. पण ते वाट राखणारे, अँडीजमधले वाट दाखवणारे. 1621 मध्ये आरियागा या पाद्र्यानं केसांचा पूल आणि काळे कुत्रे, दोन्ही नोंदवलेत. तेव्हा पुलाला 'वैतरणी' जोडू नका, ताई.

रानजाई: नाही जोडणार. पण मुलगी 'कापाकोचा'त, म्हणजे मुलं देवांना अर्पण करायच्या इंकांच्या विधीत, गेलेली आहे. तिथे 'नरबळी' लिहिणं जिवावर येतं.

घाटवाट: नकाच लिहू. 1999 मध्ये युयायाको ज्वालामुखीवर, 6739 मीटरवर, अशीच अर्पण केलेली तीन मुलं सापडली, सोबत लामांच्या इवल्या मूर्ती आणि अन्न. आपण शिदोरी बांधतो तशीच. घरच्यांच्या लेखी ती मुलं देवांकडे निघाली होती. 'पाठवणी' म्हणा.

सांजवेळ: पाठवणी लेकीची सासरी होते. इथे मूल मारलंय. त्या सापडलेल्या मुलांच्या केसांच्या तपासणीत शेवटच्या वर्षात मोठ्या मुलीला भरपूर कोकाची पानं आणि मक्याची दारू दिल्याचं दिसतं. हे गोड शब्दाखाली झाकायचं नाही. 'बळी'च हवा.

जुनापिंपळ: आणि पाताळ सोडलंत, तरी 'बळी'नं ते परत येतं. बळीराजा सुतळात राहतो, आपण दिवाळीला त्याचं राज्य मागतो. बळी देणं हे त्याच्यावरूनच आलं.

घाटवाट: काका, उलट आहे. 'बलि' म्हणजे देवाला दिलेला भाग, हा अर्थ वेदांत आहे. राजाची कथा नंतरची.

जुनापिंपळ: मग शेतकऱ्याला बळीराजा का म्हणतात, ते सांगा.

रानजाई: मंडळी, प्रकरण उद्या द्यायचंय. पाताळ, भुईपोट की नुसतं 'उखु पाचा'?

घाटवाट: सांगतो, आधी बळीराजाचं मिटू दे.