डॅफ्नी शेल्ड्रिक आणि टांगलेले घोंगडे

केनियात हत्तीची अनाथ पिल्ले वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांच्या मायेविषयी अनेकांनी भरभरून लिहिले आहे. मला त्यांच्या चिकाटीविषयी थोडी भर घालावीशी वाटते. हत्तीच्या तान्ह्या पिल्लांना गाईच्या दुधातील स्निग्धांश पचत नाही, त्यामुळे केनियात आईविना उरलेली पिल्ले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत, आणि खोबरेल तेलाचा अंश असलेले, पिल्लांना मानवणारे दूध साधेपर्यंत प्रयोगांत कित्येक वर्षे गेली. त्या दुधावर बाळसे धरलेली आयशा नावाची हत्तीची पिल्ली मात्र, मुलीच्या लग्नासाठी बाई काही दिवस दूर गेल्या तेव्हा, अन्न सोडून झुरून दगावली. ही चूक त्यांनी स्वतःच्या पदरात घेतली, कधी लपवली नाही. पुढे नैरोबीतील त्यांच्या हत्तींच्या अनाथालयात, एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून, राखणदार पाळीपाळीने पिल्लांजवळ झोपू लागले. दूध पाजताना तिथे घोंगडे टांगतात, कारण पिल्लाला सोंड टेकवायला आईच्या पोटासारखे काहीतरी हवे असते. मला तर दुधाच्या शोधाइतकीच ही साधी युक्ती थोर वाटते. १२ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हाही मला आधी ते घोंगडेच आठवले.