फिजिओ चालू असताना ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) वेगळी कशाला? (मुलगा ४ वर्षांचा, सीपी)

डिचोलीची आई:
नमस्कार, माझ्या मुलाला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यामुळे डावी बाजू कमजोर. फिजिओ पहिल्यापासून चालू आहे, त्यामुळे चालायला लागला, थोडा पाय ओढतो एवढंच. आता डॉक्टरांनी ओटी पण लावायला सांगितली. गेलो तर तिथल्या मॅडम कणकेच्या गोळ्यात वाटाणे लपवतात आणि हा शोधतो, नाहीतर कपड्यांचे चिमटे काढतो, पाऊण तास नुसता खेळ. सासूबाई म्हणतात हे आपल्या परसात पण होईल, त्यासाठी म्हापशाला अर्धा दिवस कशाला घालवायचा, आणि खरं सांगू मलाही तसंच वाटायला लागलंय. डाव्या हाताची मूठ बंद, अंगठा आत, तो हात वापरतच नाही, पण उजव्यानं सगळं करतो मग अडलंय काय? कुणाचं मूल जातं का ओटीला?

केप्याचा बाबा:
आमची मुलगी जाते. फिजिओनं तिला उभी केली, ओटीवाल्या मॅडमनी तिला स्वतःच्या हातानं जेवायला आणि चड्डी वर ओढायला शिकवलं. शाळेत चालण्यापेक्षा हेच आधी विचारतात हो.

गोंयकार_७:
ताई उजवा हात बांधून ठेवा, झक मारत डावा वापरेल. यूट्यूबवर आहेत व्हिडिओ.

ओटी_फोंडा:
घरच्या घरी बांधू नका प्लीज!! ती पद्धत खरी आहे, पण ठरलेला वेळ, उजव्या हातात हातमोजा आणि त्या वेळात डाव्याला झेपतील अशीच कामं, हे सगळं थेरपिस्ट ठरवते, नाहीतर पोर चिडतं आणि डाव्या हाताचा रागच धरतं.
ताई, एका हातानं चाललंय हीच खरी अडचण. न वापरलेला हात मेंदू हळूहळू सोडून देतो, आणि उद्या शाळेत डबा उघडायला, चित्र काढताना कागद धरायला दुसरा हात लागणारच. डावा उजव्यासारखा व्हावा असं कुणी म्हणत नाही, तो चांगला मदतनीस झाला तरी खूप. कणकेतले वाटाणे शोधताना मूठ उघडते, अंगठा बाहेर येतो, बोटांना न बघता कळायला लागतं, म्हणून तो खेळ. आणि सासूबाईंना सांगा हे नवीन फॅड नाही, मुंबईत केईएम हॉस्पिटलात कमला निंबकरांनी १९५० मध्ये ओटीचं शिक्षण सुरू केलं.
परसातही करा की, उलट तिथंच जास्त व्हायला पाहिजे, आठवड्यातून एकदा आमच्याकडे येऊन काय होणार. फक्त काम दोन हातांचंच द्या, वालाच्या शेंगा सोलणं, मोठा बॉल उचलणं, चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बांधताना दोरी धरणं. चड्डी तुम्ही गुडघ्याच्या वरपर्यंत आणा, शेवटचं ओढणं त्याच्यावर सोडा, ते जमलं की थोडं खालून. जेवताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, नाहीतर सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. आणि अंगठा टोकाला धरून ओढू नका हां, बुडाशी धरून हळू उघडा. स्प्लिंट (हात उघडा ठेवणारा आधार) लागेल का ते तुमच्या मॅडमना विचारा.

डिचोलीची आई:
थँक्यू मॅडम, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या विचारतात सकाळी पोदेराचा पाव त्याला फाडायला दिला तर चालेल का? आणि खर्चाचं काय करता सगळे?

ओटी_फोंडा:
पळेल! मात्र डाव्यानं नुसता दाबून धरला तरी शाबासकी द्या.

केप्याचा बाबा:
खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामया आरोग्य विमा योजना बघा, सीपी त्यात बसतं, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, थेरपीला पण पैसे मिळतात पण त्याला मर्यादा आहे. आधी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) करून घ्या, आणि थेरपीची बिलं आजपासून जपून ठेवा.