माणसं खरी, ससा चित्रातला: सुट्टीत घरच्यांसोबत पाहिलेले चित्रपट

सुट्टीत अख्खं घर एकत्र बसून बघतं त्या चित्रपटांमध्ये मला सगळ्यात जवळचे वाटतात ते खरे नट आणि चित्रातली पात्रं एकाच खोलीत वावरतात असे. त्यांचे अनुभव इथे लिहूया. चित्रपट चांगला की वाईट हे नको. चित्रातलं पात्र तुमच्यासाठी खरोखर तिथे हजर झालं तो क्षण कुठला, आणि तेव्हा शेजारी कोण होतं, एवढं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (१९८८). गुप्तहेर आणि ससा एकाच हातकडीत अडकलेत आणि गुप्तहेर ती करवतीने कापायला बघतोय. त्याचं डोकं वरच्या दिव्याला लागतं, दिवा झुलायला लागतो. प्रत्येक झोक्यासरशी खोलीतल्या सावल्या सरकतात, तशाच सशाच्या अंगावरच्याही सरकतात! ससा हाताने काढलेला आहे. दिवा स्थिर ठेवला असता तर कितीतरी काम वाचलं असतं, आणि कुणाला काही खटकलंही नसतं. तरी त्यांनी तो हलवला. माझी लेक तेव्हा एकदम म्हणाली, "आई, त्याच्या कानावर पण सावली आली." मला तिच्या आधी ते दिसलं नव्हतं.

बॉब हॉस्किन्स या नटाचंही मला फार कौतुक वाटतं. आपली छोटी मुलगी न दिसणाऱ्या सवंगड्यांशी कशी खेळते ते बघून त्याने रिकाम्या जागेकडे बघण्याचा सराव केला होता.

*

आमच्या घरी आजी-नातवंडांचा चित्रपट म्हणजे 'मेरी पॉपिन्स' (१९६४). फुटपाथवरच्या खडूच्या चित्रात सगळे उडी मारतात आणि पुढे पेंग्विन वेटर नाचायला लागतात. नातू प्रत्येक वेळी पेंग्विनच बघतो, मी मेरीच्या टोपीची पातळ जाळी बघते. नट सोडियमच्या पिवळ्या उजेडातल्या पडद्यापुढे उभे राहायचे आणि कॅमेऱ्यातला लोलक तो पिवळा उजेड वेगळा काढायचा, म्हणून जाळीसारखी नाजूक वस्तूसुद्धा कडेला फाटत नाही. हे समजल्यापासून नातवालाही जाळी दाखवते. दोन मिनिटं बघतो, मग पुन्हा पेंग्विन.

*

'एन्चांटेड' (२००७). राजकुमाराशी लग्नाला निघालेली नायिका विहिरीत पडते आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मॅनहोलमधून वर येते, तिथे चित्राची चौकटच रुंद होते. धाकट्या भावाला मात्र खारीची काळजी. चित्रातल्या जगात ती घडाघडा बोलते, खऱ्या शहरात नुसती चीं-चीं आणि हातवारे. "तिला सगळं कळतंय, पण सांगता येत नाहीये," म्हणून तो रडवेला झाला होता. आम्ही मोठे त्याच प्रसंगाला हसत होतो.

*

मी कॉम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी टिपलेली दृश्यं आणि चित्रं एकाच दृश्यात बेमालूम जोडतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. पात्र खोटं वाटतं ते बहुतेक वेळा पायाशी. पाऊल जिथे टेकतं तिथली बारीक गडद सावली नसली, की सुंदर अ‍ॅनिमेशनही तरंगतं. दुसरी गोष्ट वजनाची. प्राणी गादीवर बसला तर गादी दबायला हवी, त्यासाठी शूटिंगच्या वेळीच कुणीतरी ती खाली ओढतं किंवा तिथे काहीतरी जड ठेवतं. तिसरी नजर. काठीला लावलेला चेंडू धरून नटाला डोळ्यांची उंची दाखवतात. ती वीतभर चुकली, तरी नट पात्राच्या कपाळाकडे बघतोय असं दिसतं. पुढच्या वेळी प्राण्याकडे न बघता नटाच्या बुबुळांकडे बघा. वेगळाच चित्रपट दिसेल.

*

'एल्फ' (२००३) मधले उत्तर ध्रुवावरचे प्राणी! ते स्टॉप-मोशनचे, म्हणजे बाहुली किंचित हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. त्यांची ती जराशी अडखळती चाल माझ्या बाबांना इतकी आवडते की तेवढा भाग ते मागे नेऊन बघतात.

*

वर रॉजर रॅबिटचं आलंय म्हणून छोट्यांच्या पालकांसाठी: त्यात खलनायक चित्रातल्या एका चिमुकल्या, जिवंत, घाबरलेल्या बुटाला द्रावणात बुडवून विरघळवतो. आमचा मुलगा त्यानंतर दिवसभर बुटाबद्दलच विचारत होता. लहान मूल असेल तर जवळ बसा.

*

आमच्या मुलांनी बघून झाल्यावर घरीच प्रयोग केला. थोरलीने रिकामा तळहात पुढे करून व्हिडिओ काढून घेतला, मग टॅबवर त्या हातावर पक्षी काढायला बसली. पक्षी काही केल्या हातावर बसेना, कारण बोटं सरळ ताठ होती. मग धाकट्याने तिच्या हातात मातीचा गोळा दिला, बोटं आपोआप वळली, गोळा काढून घेतला आणि तशाच हाताने पुन्हा शूट केलं. या खेपेला पक्षी बसला. आता दोघं सावली कुठल्या बाजूला काढायची यावर भांडताहेत. कॉम्पोझिटिंगवाले दादा, खिडकी डावीकडे आहे आणि छतावरचा दिवाही चालू होता, तर काय करायचं?