तीन वर्षांचा प्रकल्प आणि तीनच पावसाळे : कोकणातील महाविद्यालयांत संशोधन कसे टिकवावे?

खाडीकाठ (रत्नागिरी जिल्हा)

नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. पावसाच्या गोड्या पाण्यामुळे खाडीतल्या तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) वाढीवर आणि प्रजननकाळावर काय परिणाम होतो, हा माझा अभ्यासविषय आहे. दोन वर्षांपूर्वी त्यासाठी तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला, तेव्हा गावातल्या तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना मी ही बातमी सर्वांत आधी सांगितली, कारण कोणत्या महिन्यात कुठल्या चिखलात हात घालायचा हे मला त्यांनीच शिकवले आहे.

पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा मात्र एप्रिलमध्ये अपेक्षित असताना ऑक्टोबरच्या मध्यावर आला. खाडीच्या पाण्याची क्षारता जून ते सप्टेंबर या काळातच झपाट्याने उतरते आणि माझा सगळा प्रश्न त्या चार महिन्यांशी बांधलेला आहे. प्रकल्प सहायकाला पाच महिने मानधन देता आले नाही. गणपतीनंतर तो लोट्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. त्याच जुलैत दोन दिवस वीज नव्हती. जनरेटरचे भाडे मंजूर खर्चात बसत नसल्याने मी आणि आमचे शिपाईमामा मिरकरवाडा बंदरावरून बर्फाच्या लाद्या घेऊन आलो, त्या भुशात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये रचल्या आणि झाकणावरून गोधड्या घातल्या. तरीही खालच्या दोन कप्प्यांतले नमुने वितळले आणि त्यांच्याबरोबर मे महिन्याची संपूर्ण नोंद गेली.

तीन वर्षांच्या प्रकल्पात पावसाळे तीनच येतात आणि माझा एक वाया गेला. अशा परिस्थितीत आपण काय करता, आणि संशोधनाला साहाय्य करणाऱ्या संस्थांकडे नेमके काय मागायला हवे, हे जाणून घ्यायचे आहे.

निवृत्त प्राध्यापक (वेंगुर्ले)

आपले वाचून वाईट वाटले, कारण तीस वर्षांपूर्वी माझ्याही वाट्याला हेच आले होते. उरलेल्या पावसाळ्यासाठी अतिरिक्त निधीविना मुदतवाढ आजच मागा. अर्जात केवळ ‘विलंबामुळे’ असे लिहू नका, तर क्षारतेच्या नोंदी जोडून हा काळ का भरून निघत नाही हे दाखवा. परीक्षकांना शास्त्रीय कारण पटते.

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याने १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणि १९९२ मध्ये ‘सिंधू’ हे आंब्याचे वाण दिले. ‘सिंधू’ हा ‘रत्ना’ आणि हापूस यांच्या संकरातून आलेला आहे, म्हणजे एका कामाच्या खांद्यावर दुसरे काम उभे राहिले. आंब्याचे रोप फळाला येऊन त्याचा गुण ठरवायलाच वर्षे जातात. हे शक्य झाले, कारण त्यामागे जमीन होती, कायम पदे होती आणि एक माणूस निवृत्त झाल्यावर तेच काम पुढे नेणारा दुसरा माणूस होता. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या महाविद्यालयांत यांपैकी काहीही नाही. प्राध्यापकांची पदे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावरचे शिक्षक पुढच्या जूनमध्ये असतील की नाही हे कोणालाच माहीत नसते, आणि संशोधन हे एका हौशी शिक्षकाच्या उमेदीवर चालते. त्याची बदली झाली किंवा तो थकला, की कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलेसुद्धा वाचता येईनाशी होतात.

देशाचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास अडकून पडला आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. मात्र त्यांतील बहुतांश रक्कम सरकारबाहेरून यायची आहे. अग्रगण्य संस्थेने मागे असलेल्या विद्यापीठांना हात द्यावा, अशीही त्याची एक योजना आहे. कल्पना चांगली आहे, पण तो हात विद्यापीठाच्या विभागापर्यंत पोहोचून थांबतो. मुंबईपासून ३०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या संलग्न महाविद्यालयाला त्यात जागा नाही आणि माझ्या मते मागणी इथेच करायला हवी.

लेखा विभागातून (चिपळूण)

सर, मी एका महाविद्यालयाचे हिशेब पाहते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आपला हप्ता नेमका कुठे अडला हे एकदा तपासून पाहा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी कसा खर्च झाला हे सांगणारा जीएफआर १२-अ हा सरकारी नमुना, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जायला हवे. प्रत्यक्षात सनदी लेखापालांची सही व्हायला जून उजाडतो, मग रसायनांचे एखादे बिल अनावर्ती (एकदाच होणाऱ्या खर्चाच्या) शीर्षाखाली पडल्याचे आढळते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. आमच्याकडे शिष्यवृत्त्या, वेतन देयके, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कागदपत्रे आणि प्रकल्पांचे हिशेब एकच लिपिक पाहतो. तो कामचुकार नाही, पण मार्चमध्ये त्याच्या टेबलावर या चारही गोष्टी एकदमच येतात. त्यातच काही योजनांत मंजूर रकमेची न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपुष्टात येत असल्याने, जे लागणार नाही ते घाईने घेतले जाते आणि जे लागणार आहे ते राहून जाते.

वीजपुरवठ्याबाबत एक सांगते. पुढच्या प्रस्तावात इन्व्हर्टर स्वतंत्र मागू नका, फ्रीझरच्या दरपत्रकातच त्याचा अविभाज्य भाग म्हणून घ्या. मंजुरीच्या वेळी तो उपकरणाबरोबर जातो. आणि प्रकल्पासोबत संस्थेला मिळणारी ओव्हरहेडची, म्हणजे आनुषंगिक खर्चासाठीची, रक्कम इमारतीच्या रंगकामात जाऊ देऊ नका. दोन-तीन महाविद्यालयांनी ती एकत्र करून केवळ संशोधनाचे हिशेब पाहणारा एक माणूस नेमला, तर आपल्यासारख्यांचे पावसाळे वाचतील असे मला मनापासून वाटते.

संशोधक विद्यार्थिनी (सावंतवाडी)

मॅडमचे म्हणणे पटले, तरी सहायकाच्या बाजूनेही कोणी बोलायला हवे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली, पण ती नेट परीक्षेतून निवड झालेल्यांना मिळते. प्रकल्पावरच्या मुलाचे मानधन हप्त्याच्या मागेमागे चालते. चार-पाच महिन्यांची रक्कम एकदम मिळते, हे ऐकायला ठीक वाटते; मात्र खोलीचे भाडे दरमहा द्यावे लागते, आणि घरी ‘अजून शिकतेच आहेस का?’ असे विचारले जाते, तेव्हा हातात दाखवायला काही नसते. मी स्वतः दोनदा सोडण्याच्या विचारापर्यंत आले होते. दरमहा थेट बँक खात्यात मानधन आणि त्यासाठी संस्थेकडे सहा महिन्यांची राखीव रक्कम, एवढे जरी झाले तरी मुले टिकतील.

एक चांगली गोष्टही नोंदवते. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यावर सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके सहभागी सरकारी संस्थांना खुली झाली. पूर्वी एका लेखासाठी मला मुंबईतल्या मैत्रिणीला विनवावे लागत असे. आपले महाविद्यालय त्यात येते का, हे ग्रंथपालांना जरूर विचारा.

खाडीकाठ (रत्नागिरी जिल्हा)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मॅडम, आपण म्हणालात तसेच निघाले : जाळीच्या पिशव्यांचे ४,२०० रुपयांचे बिल चुकीच्या शीर्षाखाली होते आणि आमच्याकडून खुलासा ऑगस्टमध्ये गेला. म्हणजे विलंबातील निम्मा वाटा आमचाच आहे. मुदतवाढीचा अर्ज क्षारतेच्या आलेखासह सोमवारी पाठवतो आहे. समाईक लेखापालाच्या कल्पनेला आमच्या प्राचार्यांनी तत्त्वतः होकार दिला आहे, परंतु एका महाविद्यालयाच्या ओव्हरहेडमधून वर्षभराचे वेतन निघत नाही. राजापूर, लांजा किंवा देवरुख भागातील ज्या महाविद्यालयांकडे सध्या प्रकल्प चालू आहेत, त्यांनी कृपया येथेच कळवावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकत्र बसता येईल.