मदत हवी आहे: रेड १ केलं, पण जुनी डिस्क काढली की सर्व्हर सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. जुना टॉवर आहे, मशीन सुरू करणारं फर्मवेअर नवं यूईएफआय नाही, साधा बायॉस. त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि कोहा (वाचनालयाचं सॉफ्टवेअर). पुस्तकांची दाखलनोंद, सभासदांची देवघेव, सगळं ५०० जीबीच्या एकाच डिस्कवर. डेटाबेसचा डंप रोज रात्री बाहेर जातो, पण मशीन बंद पडलं तर काउंटरवर रांग लागते, म्हणून रेड १, म्हणजे दोन डिस्कवर एकसारखी प्रत ठेवणारं मिररिंग करायला घेतलं.

नवी ५०० जीबीची डिस्क लावली, जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल करून तिच्यावर एकच पार्टिशन केलं. एमडीअ‍ॅडम या लिनक्समधल्या साधनाने रेड १ अ‍ॅरे (डिस्कचा संच) बनवताना दुसऱ्या डिस्कच्या जागी 'मिसिंग' लिहिलं, म्हणजे जुन्या डिस्कला हात लागत नाही. डेटाबेस (मारियाडीबी) थांबवून आरसिंकने सगळं कॉपी केलं. मग सीएचरूटने नव्या प्रतीत शिरून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) नवा यूयूआयडी (ओळखक्रमांक) घातला, इनिटरामएफएस (सुरू होतानाची तात्पुरती फाइलसिस्टिम) आणि ग्रब (सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर) अपडेट केलं. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना सर्व्हर नव्या अ‍ॅरेवरूनच चालतो. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये [यू_] दिसतं, म्हणजे एकच बाजू जिवंत, ते बरोबर आहे.

जुनीची केबल काढली की मात्र काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. नव्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवलं तर 'बायॉस बूट पार्टिशन नाही, एम्बेडिंग शक्य नाही' म्हणून नकार देतं. परत पहिल्यापासून करावं लागेल का? इतका वेळ वाचनालय बंद ठेवता येणार नाही.

आणखी एक. जुन्या डिस्कवर तिची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल चालवलं तर 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) ८ आहे. तीच अ‍ॅरेत जोडू का?

प्रतिसाद

पहिल्यापासून काही करू नका. ग्रबचा मुख्य भाग अजून जुन्या डिस्कच्या सुरुवातीलाच बसलेला आहे, म्हणून ती काढली की बायॉसला काहीच सापडत नाही. तुमचं पार्टिशन बहुतेक २०४८व्या सेक्टरपासून सुरू झालं असेल, ते आधी बघून घ्या. तसं असेल तर ३४ ते २०४७ हे सेक्टर मोकळेच आहेत. एसजीडिस्क या पार्टिशनच्या साधनाला अलाइनमेंट १ देऊन तिथे ईएफ०२ प्रकारचं (म्हणजे बायॉस बूट) छोटं पार्टिशन करा. जेमतेम १ एमबी होतं, ग्रबला तेवढं पुरतं. अ‍ॅरेला धक्का लागत नाही. मग कर्नलला नवं टेबल कळवायला पार्टप्रोब, आणि पुन्हा ग्रब-इन्स्टॉल.

जुनी डिस्क जोडू नका. जोडली की तिच्यावर सगळं नव्याने लिहिलं जाईल आणि तुमची आत्ताची सुस्थितीतली प्रत जाईल. शिवाय पेंडिंग सेक्टर दाखवणाऱ्या डिस्कवर मिररचा अर्धा भार मी तरी टाकणार नाही. दुसरी नवीन घ्या. घेताना जीबी बघू नका, सेक्टर मोजा. थोडे जरी कमी निघाले तरी एमडीअ‍ॅडम ती घेत नाही. पार्टिशन टेबल एसजीडिस्कच्या कॅपिटल 'आर' पर्यायाने कॉपी करणार असाल तर जपून: त्यात ज्या डिस्कवर लिहायचं तिचं नाव आधी येतं. उलटं झालं तर चालत्या डिस्कचंच टेबल पुसलं जाईल. नंतर कॅपिटल 'जी' पर्यायाने नवे जीयूआयडी (डिस्क आणि पार्टिशनचे ओळखक्रमांक) द्या आणि त्या डिस्कवरही ग्रब टाका.

धागाकर्ता

झालं! पार्टिशन २०४८वरूनच होतं. जुनीची केबल काढून दोनदा सुरू करून पाहिलं, कोहाचं लॉगिन पान आलं. मनापासून आभार. जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. दुसरी नवीन उद्या मागवतो, [यूयू] दिसलं की इथेच कळवतो.