फेब्रुवारीत हेलसिंकी: हॉटेल कुठे घ्यावं, काय बघावं?

चिंचगूळ
लेक फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळच्या ऑल्टो विद्यापीठात शिकते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि अहो तिच्याकडे चाललोय. तिची खोली एवढीशी, म्हणून तीन-चार रात्री हॉटेल. ती दिवसभर लेक्चरला, त्यामुळे फिरायचं आमचं आम्हालाच. अहोंचा गुडघा कुरकुरतो आणि मी पक्की शाकाहारी, अंडंही नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, "कुठलंही घे गं, सगळं जवळच आहे." टालिन (समुद्रापलीकडची एस्टोनियाची राजधानी) आणि नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) यातच बसतील का?

रानवारा
काही वर्षं तिथे काढली आहेत, म्हणून हक्काने सांगते. हॉटेल मध्यवर्ती रेल्वे स्टेशन किंवा शहराच्या मध्यातल्याच काम्पी भागाच्या आसपास घ्या. विमानतळावरून आय (I) किंवा पी (P) लोकल अर्ध्या तासात थेट स्टेशनात आणते आणि लेकीकडे जायला दोन्हीकडून मेट्रो आहे. लांबचं हॉटेल स्वस्त दिसतं खरं, पण बर्फ वितळून रात्रीत पुन्हा गोठला की फुटपाथची काच होते. पालिका खडी टाकते, तरी पाय घसरतोच. बुटांखाली चढवायचे रबरी काटे तिथल्या दुकानांत मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. काकांच्या गुडघ्यासाठी हा खर्च आतल्या थर्मल कपड्यांच्याही आधी.

नाश्ता धरूनच खोली घ्या. राईचा (मोहरी नव्हे, राय नावाच्या धान्याचा) ब्रेड, ओट्सची लापशी, चीज, बेरी... दुपारपर्यंत बघायला नको. कारेलियन पाय म्हणून राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेला प्रकार असतो, तो चालेल. त्यावर लावायच्या लोण्यात मात्र उकडलेलं अंडं कुस्करलेलं असतं, ते टाळा.

तिरपीऊन
नॉर्दर्न लाइट्स विसरा. हेलसिंकीत क्वचित दिसतात, पण शहराचे दिवे आणि ढग यांच्यावर मात करून. त्यासाठी रोवानिएमीच्या बाजूला, म्हणजे फिनलंडच्या उत्तरेला लॅपलँडात जायला हवं, रात्रभराची ट्रेन आहे. तीन-चार रात्रींत ते कोंबू नका.

टालिन मात्र जमतं. बोटीने दोन तास, एस्टोनियाही शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट), पासपोर्ट फक्त जवळ ठेवा. सकाळी जाऊन रात्री परत.

रानवारा
@तिरपीऊन, जमतं हो, पण टालिनचं जुनं गाव म्हणजे चढउतार आणि दगडी फरसबंदी, त्यावर बर्फ. गुडघेवाल्या माणसाला कशाला? शिवाय त्या आठवड्यात सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि पाचला सूर्य मावळतो. उजेडातला एक अख्खा दिवस बंदरांवर घालवण्यापेक्षा सुओमेनलिन्ना करा. स्वीडनची सत्ता असताना १७४८ साली बांधायला घेतलेला हा सागरी किल्ला बेटांवर पसरलाय, १९९१पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आजही तिथे लोक राहतात. कौप्पातोरी म्हणजे बाजारचौकातून बोट निघते, पाऊण तासाचंही नाही, पंधरा मिनिटांचं काम. समुद्र गोठला असेल तर बोट बर्फ फोडत जाते, तो कर्रकर्र आवाज तळपायाला जाणवतो. किल्ल्यात सगळं चढायची गरज नाही. धक्क्याजवळच्या रस्त्याने जमेल तेवढं जा, वारा झोंबायला लागला की पुढची बोट पकडा.

मुक्कामपोस्ट
काटायानोक्का भागात जुन्या तुरुंगाचं हॉटेल केलंय, हौस असेल तर बघा. ट्रॅम जवळ आहे.

अंधार पडल्यावरचं ठिकाण म्हणजे ओदी वाचनालय, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, संसदेच्या समोर. २०१८ला उघडलं. फुकट, उबदार, स्वच्छतागृहं, कॅफे. मधल्या मजल्यावर लोक शिलाई मशीनवर पडदे शिवत बसलेले असतात! वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि पोरांचा दंगा, कुणी हटकत नाही. खडक खोदून केलेलं टेंपेलिआउकिओ चर्चही बघाच. वर तांब्याचा घुमट, कडेने काचांतून उजेड येतो, म्हणून दुपारी जा. प्रार्थना किंवा कार्यक्रम असेल तर पर्यटकांना बंद असतं, वेळ आधी बघा. आर्ट म्युझियमं बहुधा सोमवारी बंद.

चिंचगूळ
टालिन रद्द, अहो खूश. सॉनाचं (गरम वाफेच्या खोलीचं) काय? हॉटेलात आहे म्हणे. तिथे खरंच... कपड्यांशिवाय?

रानवारा
हो 😀 हॉटेलात बहुतेक ठिकाणी बायका-पुरुषांच्या वेळा किंवा खोल्या वेगळ्या असतात, आत कुणी कुणाकडे बघत नाही. लाज वाटली तर टॉवेल गुंडाळा. मिश्र सार्वजनिक सॉनात, उदाहरणार्थ समुद्रकाठच्या ल्योल्यूत, पोहण्याचे कपडे घालतातच. काकांना रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून.

मुक्कामपोस्ट
तिकिटाचं राहिलं. शहर, सुओमेनलिन्नाची सार्वजनिक बोट आणि लेकीचं विद्यापीठ, सगळं तिकिटाच्या ए आणि बी (एबी) झोनमध्ये येतं. विमानतळ सी झोनमध्ये, म्हणून येता-जाता एबीसी घ्या. ट्रेनला तिकीट तपासायचं फाटक नसतं, पण तपासनीस येतात. आणि खोलीत किटली असेलच असं नाही, चहाबाज असाल तर बुक करतानाच विचारा.